लोकांचे पडदे

दादांनी मला कधी फोन केला नव्हता. दादा म्हणजे माझे थोरले दीर. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट फारसं बोलत नाही. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. काही सांगायचं असलं तर ते कुंदाताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जावेच्या तोंडून यायचं. एकाच ओटीवर बसलेल्या आम्हा दोघांचे निरोप कुंदाताई इकडून तिकडे पोचवायच्या आणि मधेच वैतागून म्हणायच्या, "मी काय टपालखातं हाय का तुमचं?" म्हणून त्या दिवशी खोपोलीच्या कारखान्यात, ऑफिसच्या टेबलावर माझा मोबाईल वाजला आणि त्यावर दादांचं नाव दिसलं, तेव्हाच मला कळलं. ते म्हणाले, "संगीता, घरी ये." मग थांबले. "कुंदा गेली." मी "बरं" म्हटलं. एवढंच. समोर स्क्रीनवर कुणाच्या तरी रजेचा रकाना अर्धा भरलेला होता, तो पूर्ण केला आणि पर्स उचलली. सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना कर्जतला नेलं होतं, तिथून पनवेलला हलवायला सांगितलं, आणि चौकच्या जवळ गाडीतच सगळं संपलं. चौकला त्यांची लेक दिलेली आहे. तिच्या घरावरूनच गाडी गेली असणार... ते 'बरं' अजून माझ्या कानात आहे. त्याची लाज वाटत नाही, त्यानं रडूही येत नाही. नुसतं आहे.

घरी पोचले तेव्हा पुढची खोली माणसांनी भरली होती. ताईंना आतल्या खोलीत निजवलं होतं आणि दोन खोल्यांच्या मधे निळे पडदे लोंबत होते. अस्तराचे, जड, पळसदरीच्या वाटेवरच्या एका बंगल्यातले. येणारं-जाणारं माणूस अडायला लागलं म्हणून कुणीतरी ते एकत्र धरून त्यांची मधोमध गाठ मारली होती. ताईंच्या तोंडाकडे बघायच्या आधी मी त्या गाठीकडे बघितलं. मनात आलं, सुरकुत्या पडतील, त्या जाणार नाहीत. मी हात वर करून गाठ सोडली, पडदे कडेला सारले, तळहातानं सरळ केले आणि मग आत गेले. माझी चुलत सासू रडता रडता थांबून माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल, ही शिकलेली, हिला काय त्याचं. वाटू दे.

ज्यांनी आमचं घर बघितलं नाही त्यांना हे पडद्यांचं सांगायला हवं. भिवपुरीच्या बाजूला आमचं गाव. सासऱ्यांनी बांधलेल्या कौलारू घराचे दोन भाग झाले, एकात थोरले, एकात आम्ही. मधे एकच भिंत. थोरल्यांच्या भागात पुढच्या नि आतल्या खोलीमधे भिंत नाही, तिथं उंचावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी पाइप आहे. बोअरिंगच्या कामातून उरलेला तो पाइप दादांनी कुंदाताईंसाठी बसवून दिला. शिलाईला आलेले पडदे त्या आधी या पाइपावर टांगायच्या. चार दिवस, कधी आठ दिवस. मगच खालची पट्टी कापायच्या. बाजारातले कारागीर मोजतात, कापतात, मशीन मारतात आणि संध्याकाळी घरपोच देतात. महिन्याभरात पडदा एकीकडे लांब, एकीकडे आखूड, आणि अस्तर खालून डोकावतं. जड कापड आपल्या वजनानं लांबतं आणि आतलं अस्तर वेगळ्या मापानं लांबतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण थांबायला जागा आणि वेळ कुणाकडे असतो? कुंदाताई म्हणायच्या, "अस्तर नि कापड म्हंजे नवरा-बायको गं. दोघांची चाल एक नसती. चार दिस एकत्र लोंबू दे, कोण किती सुटतंय ते कळू दे, मग कात्री." आधी टांगायचं, मग कापायचं. हा त्यांचा नेम होता आणि तो त्यांनी कुणासाठी मोडला नाही, गणपतीच्या तोंडावर आलेल्या गिऱ्हाइकासाठीही नाही.

त्यामुळे आमच्या घरात सदा लोकांचे पडदे असत. माझ्या मुली अभ्यासाला त्या बाजूला जायच्या आणि परत येऊन सांगायच्या, आज काकूकडे सगळं हिरवं आहे, आज केशरी आहे. सकाळचं ऊन समोरच्या दारातून आत आलं की पडद्याच्या रंगाचा उजेड चुलीपर्यंत पोचायचा. इकडून तिकडे जायचं तर उजवा हात पुढे करून, कापड बाजूला सारून, थोडं वाकून जायचं. पाहुणे त्यात गुरफटायचे. एकदा गॅस सिलेंडरवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन सरळ पडद्यात घुसला आणि कुंदाताईंनी त्याला असं काही सुनावलं की पुढं तो ओटीवरच सिलेंडर ठेवून हाक मारायचा. आमचे हात मात्र आपोआप पुढे व्हायचे. घरातलं माणूस कोण आणि बाहेरचं कोण, ते त्या हातावरून कळायचं.

ही कला त्यांच्याकडे मोहोपाड्याहून आली. त्यांचे वडील रसायनीच्या एका कारखान्यात हेल्पर होते. कारखान्याच्या वसाहतीत साहेब लोकांना बढती मिळाली की क्वार्टर बदलायचं, आणि प्रत्येक क्वार्टरची खिडकी वेगळ्या उंचीची. मग जुन्या क्वार्टरचे पडदे नव्या खिडकीला बसवून द्यायचे. वसाहतीच्या फाटकासमोर एक म्हातारा शिंपी हे काम करायचा आणि शाळा सुटल्यावर कुंदाताई त्याच्याकडे पडदे उसवत बसायच्या. उसवता उसवता शिवणं आलं, असं त्या सांगायच्या. "दुसऱ्यानं कसं शिवलंय ते उसवल्याबिगर कळतच नाय. सगळ्यांच्या लबाड्या धाग्यात सापडतात." लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा गावात पडदे होते कुणाकडे? ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश हेच चालायचं. मग नेरळला टॉवर उभे राहिले, डोंगराच्या कडेकडेनं बंगले झाले, लोक मोबाईलवरून तयार पडदे मागवायला लागले. ते ठराविक लांबीचेच येतात आणि कुठल्याच खिडकीला नीट बसत नाहीत. कुंदाताईंचं काम इतकं वाढलं की ब्लाउज शिवणं त्यांनी बंद केलं. गावातल्या बायका रुसल्या. "रुसू दे," त्या म्हणाल्या, "पडदा काय 'काखेत घट्ट होतंय' म्हणून परत येत नाय."

पण कामाची किंमत लावणं त्यांना सुरुवातीला जमलं नव्हतं, हेही मी सांगणार, कारण गेलेल्या माणसाला सगळंच येत होतं असं लिहिणं मला पटत नाही. कर्जतच्या बाजारातला एक पडदेवाला त्यांना काम द्यायचा आणि नगावर पैसे द्यायचा. साधा पडदा असो की अस्तराचा, दर एकच. त्याचं म्हणणं, चार इंचच तर कमी करायचे आहेत. वर्षभर त्यांनी तसं केलं आणि कंबर धरून बसल्या. माझ्या माहेरी, खालापूरच्या बाजूला, माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले त्या दिवशी वडिलांनी भाताचं मळणीचं काम टाकून मला फोटो काढायला नेलं होतं. तो अभिमान मी कधी लपवला नाही आणि कुंदाताईंनी त्यावर टोमणे मारायचं कधी सोडलं नाही. "बोला पदवीधर," असं म्हणूनच त्या माझ्याशी कामाचं बोलायला सुरुवात करायच्या. कंबर धरून बसल्या होत्या त्या दिवशीही तसंच म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, इंचाचे पैसे घेऊ नका आणि नगाचेही घेऊ नका, कशाला किती वेळ जातो ते बघा. मग एक रविवार मी त्यांच्याशेजारी घड्याळ घेऊन बसले. उसवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि नेमके त्याचेच पैसे त्या घेत नव्हत्या, हे त्या दिवशी दोघींनाही दिसलं. मग म्हणाल्या, "म्हंजे एवढी वर्सं मी अर्धं काम फुकट केलं. कॉलेजात हे शिकवतात होय?" मी म्हटलं, हेच शिकवतात. "मग चांगलं शिकवतात," त्या म्हणाल्या. माझ्या पदवीला मिळालेली ही शाबासकी मला अजून पुरते आहे.

तेव्हापासून त्यांचा दर पक्का झाला. अस्तराच्या पडद्याला साध्याच्या दुपटीपेक्षा थोडा कमी. दुप्पट का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, खाली दोन पट्ट्या मारायला लागतात हे खरं, पण वरची घड्यांची पट्टी एकच असते, तिचे दोनदा कसे घेणार? पडदेवाल्याला त्यांनी हा दर सांगितला तेव्हा मी बरोबर होते. तो परत चार इंचांवर आला. ताई म्हणाल्या, "शेट, तुमी दाढी करायला जाता तवा न्हाव्याला केस मोजून पैशे देता का?" त्यानं काम द्यायचं बंद केलं. दोन महिन्यांनी परत आला. ताईंनी त्याला चहा दिला, जुनं काही काढलं नाही, आणि दर मात्र तोच ठेवला.

दर सांगायची त्यांची वेळ ठरलेली होती. पहिला टाका उसवायच्या आधी. पडदा उलटा करून, खिडकीच्या उजेडात अस्तर बघून, पडदा ताठ लोंबावा म्हणून कोपऱ्यात शिवलेली वजनं चाचपून मग आकडा सांगायच्या, आणि कधी देणार तो वारही त्याच दमात सांगायच्या. एकदा सांगितलं की काम झाल्यावर कमी नाही आणि काम झाल्यावर जास्तही नाही. नेरळच्या एका फ्लॅटचे पडदे आले होते, त्यांचं अस्तर उन्हानं इतकं विरलं होतं की उसवताना फाटत गेलं. ताईंनी नवीन पट्ट्या जोडल्या, दोन दिवस जास्त बसल्या आणि पैसे ठरले होते तेवढेच घेतले. मी भांडले त्यांच्याशी. हे नुकसान आहे, मी म्हटलं. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "सांगितलं नव्हतं ना मी. आधी बघायला पायजे होतं, नाय बघितलं. न सांगितलेल्या कामाचं पैशे मागायचं नाय, संगे. माणूस घाबरतं मग, परत दार वाजवत नाय." त्या फ्लॅटच्या बाईंनी पडदे ताब्यात घेताना थोडं कमी करा म्हणून पाहिलं, तेव्हा ताई त्यांना म्हणाल्या की कमी करायचे होते ते तुमचे पडदे, ते केले.

माझ्या स्वतःच्या पडद्यांची गोष्ट सांगते. आमच्या भागाच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन यायचं, म्हणून मी कल्याणहून अस्तराचे पडदे आणले आणि ताईंकडे दिले. माझ्याकडून मजुरी त्या घेतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी पडदा उलटा केला, उजेडात धरला आणि मला दर सांगितला. बंगल्यांना सांगायच्या तोच. मला राग आला. भिंतीपलीकडच्या जावेला एक रुपया कमी नाही? मी दिले पैसे, पण आठ दिवस तोंड फुगवून होते. ह्यांनी मध्यस्थी केली तर ताईंनी त्यांना सांगितलं, "भावजी, फुकट केलं असतं तर तिनं पुढची खिडकी मला सांगितलीच नसती. लाजली असती. आता हक्कानं सांगील." आणि खरंच, पुढच्या खिडकीचे पडदे मी हक्कानं सांगितले, आणि अर्धा इंच वर गेले म्हणून हक्कानं परतही केले. त्यांनी ते गुरगुरत नीट करून दिले.

एकाच बाबतीत आमचं कधी पटलं नाही. पडदे टांगून ठेवण्याचे पैसे त्या घेत नसत. मी म्हणायचे, ताई, आठ आठ दिवस तुमचं घर अडतं, जागेचं भाडं धरायला हवं, कुठलाही धंदा ते धरतो. त्या म्हणायच्या, लोंबायचं काम कापड आपलं आपण करतं, त्यात माझी मजुरी कुठली. मी सोडेना तेव्हा एकदा हसून म्हणाल्या, "बरं, मी भाडं धरते. पण त्यांच्या पडद्यानं माझ्या घराला रंग येतो, त्याचं मी त्यांना किती द्यायचं, तेपण तुझ्या कॉलेजला विचार."

ते निळे पडदे सरदेसाईबाईंचे. पुण्याचं घर विकून त्या कायमच्या इकडच्या बंगल्यात राहायला आल्या होत्या आणि तिकडचे पडदे इकडच्या खिडक्यांना वीतभर लांब होत होते. ताई गेल्या त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांच्याकडे वाल सोलायला बसले होते. त्यांनी वरच्या पट्ट्या उसवून नव्यानं लावल्या होत्या, पडदे पाइपावर चढवले होते, खालची बाजू अजून कापली नव्हती. अस्तर जुनं, सुती, आजवर पाण्यात न गेलेलं. हे धुवायचे नाहीत, असं बाईंनी बजावलं होतं. ताईंनी अस्तराला हात लावून सांगितलं की असं कापड आता मिळत नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाईंना दर सांगितला तो जास्त नाय ना झाला?" मी आकडा ऐकला आणि म्हटलं, रास्त आहे. "रास्त म्हंजे?" म्हणजे तुम्हालाही परवडेल आणि त्यांनाही. "मग तसं बोल की," त्या म्हणाल्या आणि शेंगांच्या टोपलीकडे वळल्या. आमचं शेवटचं बोलणं हे. यात काही मोठं नाही. मी पुष्कळदा आठवून बघितलं, काही निघत नाही.

दहाव्याला घर सारवलं, घरातलं सगळं कापड धुवायला काढलं. माझी नणंद आक्का आणि शेजारच्या बायका नदीवर गेल्या. मी पानाच्या स्वयंपाकात होते. दुपारी बघते तर कुंपणावर चादरी, सतरंज्या, दादांचे सदरे आणि त्यांच्या शेजारी निळे पडदे वाळत होते. आक्का म्हणाली, लोकांचं कापड सुतकातलं कसं परत द्यायचं, म्हणून तेही स्वच्छ धुऊन दिले. ती बरोबरच बोलत होती. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. संध्याकाळी घडी घालायला घेतले तेव्हा दिसलं, सुती अस्तर आटलं होतं आणि वरचं कापड तसंच राहिलं होतं. दोन्ही कडा आखडून पडदा पाठीकडे वळला होता, जळालेल्या पानासारखा. दादांनी एक पडदा हातात घेतला, उलटा केला, खिडकीशी नेला. अगदी कुंदाताई बघायच्या तसं. मग पडदा खाटेवर ठेवून ते ओटीवर जाऊन बसले. त्या दिवशी कावळा पटकन शिवला म्हणून सगळे म्हणत होते, तिची काही इच्छा राहिली नाही. मी त्या पडद्यांकडे बघत होते. हे काम असं परत गेलं तर तिकडे सगळे हेच म्हणणार की कुंदाताईंनी शेवटचे पडदे बिघडवून दिले. आणि त्यावर उत्तर द्यायला त्या नाहीत.

मी सरदेसाईबाईंना फोन करून जे झालं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, जाऊ द्या हो, मी दुसरे घेईन. मी म्हटलं, थोडे दिवस द्या. पुढच्या रविवारी ताईंची सुयांची डबी घेऊन मी पुढच्या खोलीत बसले. मशीन मला फार येत नाही, पण उसवणं आणि हातशिलाई मी ताईंच्या शेजारी बसून शिकले होते आणि चांगली शिकले होते. खालून उसवायला सुरुवात केली तर ओटीवरून आवाज आला, "खालनं नको. बाजूनं." मी वर बघितलं. दादा माझ्याकडे बघत नव्हते, अंगणाकडे बघत होते. "कुंदा बाजूनं सोडायची." मग ते आत आले आणि पडद्याचं दुसरं टोक धरून बसले. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका कामाला असे समोरासमोर बसलो नव्हतो. मधे निरोप न्यायला कुणी नव्हतं, म्हणून बोलावं लागलं. धरा, सोडा, ताणू नका, एवढंच.

अस्तर बाजूनं मोकळं केलं तेव्हा लक्षात आलं, बिघडलेलं काहीच नव्हतं. खालची बाजू कापलेली नव्हती ना... वीतभर कापड जायचं होतं ते अजून जागेवर होतं. अस्तर आटून आटून त्या वितीतलंच थोडं गेलं होतं. ताईंनी आधीच कात्री लावली असती, बाजारातल्यांसारखी त्याच दिवशी, तर हे पडदे कुठल्याच खिडकीला उरले नसते. मी दादांना ते दाखवलं. त्यांनी मान हलवली. "आधी टांगायचं," ते म्हणाले आणि पडदे पाइपावर चढवायला स्टूल आणायला गेले.

पडदे परत लोंबले. घर परत निळं झालं. पुढच्या रविवारी मी कात्री घेऊन गेले तर दादा म्हणाले, "लोंबतंय अजून." त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मी खाली खुणेसाठी टाचणी लावून ठेवली होती. कापड कधीचं थांबलं होतं, सूतभरही हलत नव्हतं. मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. ते त्या पडद्याआड खाट टाकून झोपायचे, सकाळी हात पुढे करून, पडदा सारून, वाकून बाहेर यायचे. मी कात्री डबीत ठेवून भिंतीपलीकडे माझ्या घरी यायचे. ह्यांनी विचारलं तर मी म्हणायचे, लोंबतंय.

मग एक दिवस सरदेसाईबाई स्वतः भेटायला आल्या. चपला काढून आत आल्या, आपलेच पडदे आपल्याच हातानं सारून आतल्या खोलीत बसल्या. ताईंबद्दल बोलल्या, चहा घेतला. पडद्यांचं नाव काढलं नाही. निघताना दारात थांबून त्यांनी मागे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "असू द्या अजून इथेच. काही घाई नाही." चांगल्या मनानं म्हणाल्या. त्यांची गाडी वळणावरून गेली तरी दादा ओटीवर उभेच होते. मग म्हणाले, "संगीता, काप."

मी थांबले. ते म्हणाले, "तिनं वार सांगितला होता. लोकं असू द्या म्हणाय लागली, म्हंजे आपलं चुकलं."

मी कापलं. खालची पट्टी हातानं घातली, अस्तराची पट्टी बोटभर वर ठेवली. चांगली झाली, उगाच नम्रपणा दाखवत नाही. दादांच्या स्कूटरवर, मांडीवर गठ्ठा घेऊन मी पळसदरीच्या वाटेनं गेले. थोरल्या दिराच्या मागे स्कूटरवर बसलेली बघून गावातल्या चार जणी वळून बघत राहिल्या असतील. दादांनी पडदे चढवले, मी घड्या पाडल्या आणि ताई करायच्या तसं कापडाच्या चिंध्यांनी त्या सैलसर बांधल्या. दोन दिवसांनी सोडा म्हणजे घडी बसेल, असं बाईंना सांगितलं. बाईंनी किती द्यायचे ते विचारलंच नाही. त्यांच्या टेबलावर एक पाकीट तयार होतं, ते त्यांनी दादांच्या हातात दिलं. मला वाटलं, आता यात जास्त निघणार, मग ते परत करायचे, मग नको-घ्या, मग दया... दादांनी तिथंच उभं राहून मोजले. ताईंनी सांगितले होते तेवढेच होते. अहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात. ह्यात तोही नव्हता. ही मजुरी होती. बाईंनी ती मजुरीसारखी दिली आणि दादांनी ती मजुरीसारखी खिशात टाकली. नंतर मला जे वाटलं त्याला मी समाधान म्हणणार नाही. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

आता पाइप रिकामा आहे. कुंदाताईंचं काम पुढे चालवायला कुणी नाही. मला नोकरी आहे, त्यांच्या लेकीला शिवणाची आवड नाही. फोन येतात, काम बंद झालं म्हणून मी सांगते. सकाळचं ऊन दारातून येतं ते सरळ चुलीपर्यंत जातं, पांढरं, कुठलाही रंग न घेता. परवा मी दादांना चहा द्यायला गेले. ते आतल्या खोलीत होते, हाक मारली तर उठून आले. पाइपाखाली आल्यावर त्यांनी उजवा हात पुढे केला, बाजूला सारला, थोडे वाकले आणि बाहेर आले. मी चहा दिला आणि कालचा कप विसळायला आत निघाले. मधे पोचले आणि बघितलं, माझाही हात पुढे होता.